लाल गोळ्यांचा ओव्हन

लेलंड : बाकाखाली होता गं. बर्फात लावायच्या टायरांना खेटून. छोटा, काळ्या दाराचा.

नोरीन : तिथं आता माझ्या बागेची माती आहे.

लेलंड : माती दिसतेय मला. ओव्हन कुठंय? हा डबा हलवून हलवून माझा खांदा भरून आला. पिस्तुलाच्या सगळ्या गोळ्यांवर लाल पावडर काय छान बसलीय बघ. आता लगेच भाजल्या नाहीत तर सगळी झडून जाईल.

नोरीन : माझ्या स्वयंपाकघराकडे बघू नकोस.

लेलंड : तिकडे कोण बघतंय. माझा ओव्हन कुठंय तेवढं सांग.

नोरीन : तू भावाकडे मासे धरायला गेला होतास ना, तेव्हा हे गॅरेज आवरलं मी. दहा वेळा सांगून तू आवरलं नाहीस म्हणून मी आवरलं. ती मोडकी खुर्ची, दोन कंदील आणि तो ओव्हन चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला दिला. खुर्चीचं तर तू आल्यापासून विचारलंही नाहीस.

लेलंड : ओव्हन विक्रीला दिलास?

नोरीन : नवीन घे. नाहीतर निवृत्त माणसाने थोडे दिवस नुसतं बसून बघावं. तुझ्या नेमबाजी क्लबमधल्या हँककडे नाही का तसला ओव्हन? त्याच्याकडे भाज तुझ्या गोळ्या.

लेलंड : कोणी नेला?

नोरीन : का? परत मागणार आहेस की काय? चर्चला दिलेलं परत मागतात होय?

लेलंड : नोरीन, कोणी नेला ते सांग.

नोरीन : चेहरा का उतरला तुझा? टेसाने नेला. ड्रू बर्कहाल्टरची बायको. त्यांच्या त्या चाकांवरच्या फिरत्या घरातला मोठा ओव्हन बंद पडलाय आणि ड्रू असतो जंगलात लाकूडतोडीच्या कॅम्पवर. पोर कडेवर घेऊन टेबलापाशी घुटमळत होती बिचारी. मीच म्हटलं, हा ने. छान घासून दिला होता. आत तोंड दिसेल असा.

लेलंड : घासलास? कशाने?

नोरीन : तारेच्या काथ्याने. सगळी दुपार गेली.

लेलंड : हातमोजे घालून?

नोरीन : ओव्हन घासायला हातमोजे कोण घालतं?

लेलंड : तू जरा बस. त्या पेटीवर बस.

नोरीन : मला बसायचं नाही. तू काय ते बोल.

लेलंड : क्लबमधल्या प्रत्येकाकडे असा एक ओव्हन आहे. घरी आणला की पहिलं काम काय करायचं, तर त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, यात खाण्याचं काही ठेवू नये. हँकने दारावर कवटी काढलीय. ऑर्सनच्या बायकोने स्वतः ब्रश घेऊन लिहिलंय, यात जेवण शिजवलंस तर वकील आणीन. म्हणजे कसं, एकदा त्यात गोळ्या भाजल्या की तो ओव्हन अन्नाला बाद झाला. कायमचा.

नोरीन : आपल्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

लेलंड : नव्हतं.

नोरीन : का नव्हतं?

लेलंड : राहून गेलं.

नोरीन : थांब. एक मिनिट थांब. दोन वर्षांपूर्वी तुझ्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा मी काय म्हटलं होतं?

लेलंड : एकतर मी नाहीतर ते शिसं.

नोरीन : आणि तू काय म्हणालास? या इथंच उभा राहून म्हणालास.

लेलंड : मी आता कोटिंगवाल्या गोळ्या वापरीन, वरून रंगाचा थर असलेल्या.

नोरीन : पुढे? भाषण केलं होतंस तू. मला पाठ आहे ते. नेमबाजी करताना धूर नाही. हात काळे होत नाहीत. पिस्तुलाच्या नळीत शिसं बसत नाही. ते चिकट मेण फासायला लागत नाही. तांब्याच्या गोळ्यांच्या मानाने फुकटात पडतात. आणि मग म्हणालास, शिसं आत, रंग बाहेर, आता हे काम तुझ्या स्वयंपाकाइतकं स्वच्छ. म्हणालास की नाही?

लेलंड : त्यातलं एकही खोटं नाही. क्लबच्या बंद हॉलमध्ये आता खोकल्याशिवाय नेम धरता येतो. कोणालाही विचार.

नोरीन : मग ओव्हनला काय झालं?

लेलंड : रंग बसेपर्यंत ते शिसंच असतं ना. हँक शिसं वितळवून साच्यात ओतून देतो त्या गोळ्या माझ्याकडे उघड्याच येतात. त्या मी हाताने मोजतो, डब्यात पावडर घालून हलवतो, ट्रेवर मांडतो. कचरा पडतोच. कधी भाजणी कमी होते, मग पापुद्रे निघतात, तेही आतच पडतात. म्हणून तर मी भाजून झाल्यावर एखादी गोळी हातोडीने चेपून बघतो, रंग सुटतो का ते. तुझा दरवेळी आरडाओरडा असतो, काय ठोकतोयस म्हणून. तेच ते.

नोरीन : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

लेलंड : तोटे असतातच गं कशालाही. काडतूस भरताना पुंगळीचं तोंड पुरेसं फाकवलं नाही तर रंग खरवडला जातो, मग नळीत शिसं बसतंच. काही गोळ्यांचं नाक जाड असतं, एखाद्या पिस्तुलात धड बसत नाहीत. आणि शेवटी निशाणामागच्या मातीच्या बांधावर जाऊन फुटतं ते शिसंच.

नोरीन : पिस्तुलाचे तोटे नको सांगूस मला. टेसाची ती पोर, जून, सव्वा वर्षाची आहे.

लेलंड : माहितेय.

नोरीन : आणि तिने मध्यंतरी केळ्याचा केक आणून दिला होता आपल्याला, तो ओव्हनबद्दल आभार म्हणून. आठवतोय?

लेलंड : हो.

नोरीन : तू लोणी लावून खाल्लास.

लेलंड : दोनदा घेतला. चांगला झाला होता.

नोरीन : लेलंड.

लेलंड : मी आत्ता दुकानात जातो. नवा ओव्हन घेतो, चांगला, मोठा. तिला नेऊन देऊ. म्हणू, हा आम्हाला बक्षिसात मिळाला, आमच्याकडे जागा नाही, तुझा जुना दे इकडे. तिला बरंच वाटेल. पोरीचं आजपासून थांबेल. झालं.

नोरीन : झालं?

लेलंड : उगाच घाबरवायचं कशाला तिला? कदाचित काही झालंही नसेल. तू घासलाच होतास चांगला.

नोरीन : आणि झालं असेल तर? तिच्या रक्ताची तपासणी कोण करून घेणार? बक्षीस लागलेला ओव्हन?

लेलंड : ड्रू माझ्याकडूनच शिकलाय काडतुसं भरायला. क्लबमध्ये कोटिंग आणलं कोणी? मी. अर्धा क्लब माझ्या तोंडाकडे बघून वळला. काय तोंड दाखवू मी तिला?

नोरीन : आहे तेच. तो डबा खाली ठेव आणि जा, हात धू. साबणाने, कोपरापर्यंत. नवा ओव्हन वाटेत घेऊ. पण सांगायचं. मी तो न विचारता दिला, ते मी सांगेन. त्यात काय भाजत होतं ते तू सांगायचं. मी तुझ्या वतीने एक शब्द बोलणार नाही.

लेलंड : तुला बोलता येतं गं. मला नीट जमत नाही.

नोरीन : भाषण तर छान जमलं होतं.

(त्यांच्या पिकअप गाडीत. दोघांच्या मध्ये नव्या ओव्हनचं खोकं.)

लेलंड : पूल ओलांडेपर्यंत तरी काहीतरी बोल.

नोरीन : गाडी चालव.

लेलंड : मला लाज वाटतेय, नोरीन.

नोरीन : मलाही वाटतेय. टेबलापाशी सगळ्यांनी माझं कौतुक केलं, केवढा लख्ख केलास म्हणून. मी पण फुशारले. टेसाला म्हटलं, डोळे झाकून वापर. हे माझे शब्द. तुझ्या गॅरेजमधली वस्तू, ती कशाला आहे हे तुला एकदा विचारायचं, तेवढंही सुचलं नाही. घर मोकळं करायची घाई.

लेलंड : तुला काय माहीत असणार.

नोरीन : तेच म्हणतेय मी. मला काय माहीत असणार. पुढे डावीकडे वळ, त्या तीन टपालपेट्यांपाशी. आणि ते खोकं मी धरते. तू हात मोकळे ठेव.

(टेसाच्या फिरत्या घराची पायरी. दार उघडं आहे, आतून भाज्यांच्या सूपचा वास येतोय.)

टेसा : मिसेस ट्वेट? या ना. आत या. जून आत्ताच झोपलीय, म्हणून हळू बोलतेय हं. हे काय आणलंत एवढं मोठं?

नोरीन : नवा ओव्हन आहे. तुझ्यासाठी.

टेसा : अहो, पण आहे की माझ्याकडे. तुम्हीच दिलात. इतका छान चालतो. जूनचे दात येताहेत, तिला रोज ब्रेड कडक करून देते त्यात. चघळत बसते ती.

नोरीन : टेसा, मी तुला तो ओव्हन द्यायला नको होता. तो माझ्या नवऱ्याचा होता. मी त्याला न विचारता दिला. चूक झाली माझी. पुढचं लेलंड सांगेल.

टेसा : परत हवाय का? मग न्या की. त्यात काय एवढं.

लेलंड : परत नकोय. म्हणजे कसं टेसा, तो खाण्याचा ओव्हन नव्हता. मी त्यात गोळ्या भाजायचो. पिस्तुलाच्या. वरचा रंग पक्का करायला.

टेसा : गोळ्या म्हणजे त्या लाल?

लेलंड : लाल, निळ्या, जी पावडर मिळेल ती. आतमध्ये शिसं असतं. भाजताना त्याचा कचरा ओव्हनमध्ये राहतो. तो ओव्हन पुन्हा अन्नाला वापरायचा नसतो. थोडं शिसंही लहान मुलांना वाईट. मोठ्यांपेक्षा फार वाईट. जूनचं रक्त तपासून घ्यायला हवं. आजच.

टेसा : नाही पण... मिस्टर ट्वेट, तसं नसेल काही. ड्रू म्हणतो कोटिंगवाल्या गोळ्यांनी काही होत नाही. शिसं आतच राहतं म्हणतो. तुम्हीच सांगितलंत ना त्याला? क्लबमधून आला त्या दिवशी केवढा खूश होता. म्हणाला, लेलंड म्हणतो हे काम स्वयंपाकाइतकं स्वच्छ आहे, आता मला बाहेर थंडीत बसायला नको.

लेलंड : मग कुठं बसतो तो?

टेसा : इथं. या टेबलावर. कॅम्पवरून आला की रविवारी काडतुसं भरतो.

नोरीन : जेवता त्या टेबलावर?

टेसा : एकच टेबल आहे आमच्याकडे. पुसून घेते मी नंतर. आणि काडतुसांची दारू वगैरे वरच्या कपाटात कुलपात ठेवतो तो, त्याची काळजी घेतो. नुसत्या गोळ्या असतात बाहेर. काही रंग उडालेल्या निघतात, त्या त्याला चालत नाहीत. त्या वाटीत टाकतो.

लेलंड : वाटी कुठं असते?

टेसा : जूनकडे. मण्यांसारख्या दिसतात ना त्या. वाजवते ती. तेवढा वेळ शांत बसते.

लेलंड : तोंडात घालते?

टेसा : दात येताहेत तिचे, मिस्टर ट्वेट. सगळंच घालते ती तोंडात. मी काढून घेते. दरवेळी काढून घेते. गिळली तर घशात अडकेल, एवढीच भीती होती मला. रंगाखाली काय आहे ते मला काय माहीत.

नोरीन : बस, टेसा. इथं माझ्याजवळ बस. तू काही केलं नाहीस.

टेसा : पण रंग आहे ना वरून? तुम्ही म्हणालात ना आतच राहतं?

लेलंड : जिचा रंग उडालाय तिचं नाही राहत. त्या वाटीत सगळ्या तसल्याच आहेत. आणि चांगल्यासुद्धा पोरांच्या हातात द्यायच्या नसतात. मी ड्रूला सांगायला हवं होतं, कोटिंग असलं तरी टेबल वेगळं ठेव, हात धू, त्या कपड्यांत पोरीला घेऊ नकोस. मला माहीत होतं सगळं. डॉक्टरने मला पाठ करायला लावलं होतं. मी त्याला फक्त चांगलं तेवढं सांगितलं.

टेसा : ती हल्ली नीट जेवत नाही. मी म्हणायचे, दातांमुळे.

नोरीन : दातांमुळेच असेल. बोटातून थेंबभर रक्त घेतात, बाळ. लगेच कळतं थोडंफार. आणि काही निघालं तर उपाय असतात.

टेसा : मिस्टर ट्वेट, एक विचारू?

लेलंड : विचार.

टेसा : ड्रूबरोबर एकदा हँकच्या गॅरेजमध्ये गेले होते मी. त्यांच्याकडेही असा ओव्हन आहे. त्यावर कवटी काढलीय. मी हसले होते बघून. तुमच्यावर तसं काही असतं तर मी तो घेतलाच नसता. हातसुद्धा लावला नसता. तुम्ही का नाही लिहिलंत?

नोरीन : राहून गेलं गं त्याच्याकडून. विसरला.

लेलंड : नाही, विसरलो नाही.

नोरीन : लेलंड?

लेलंड : ब्रश हातात घेतला होता मी. रंगाचा डबा उघडला होता. मग मनात आलं, नोरीन गॅरेजमधून सारखी ये-जा करते. ती वाचेल. वाचलं की विचारेल, स्वच्छ आहे म्हणालास ना, मग ही कवटी कशाला? आणि तिने विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं. हेही बंद करायला लावलं असतं तिने. म्हणून डब्याला झाकण लावून टाकलं.

टेसा : म्हणजे मिसेस ट्वेटना कळू नये म्हणून.

लेलंड : हो. फक्त तेवढ्यासाठी.

टेसा : मला कळत नाहीये, तुम्हाला काय बोलू.

लेलंड : बोल काहीही. मी ऐकून घेईन.

टेसा : नको. आत्ता नको. जूनला उठवते मी. पण गाडी ड्रूकडे आहे.

नोरीन : आमच्या गाडीतून जाऊ. क्लिनिक बंद व्हायच्या आत पोचतो आपण. ड्रूच्या कॅम्पवर फोन लागतो का?

टेसा : रेडिओवरून निरोप देतात.

नोरीन : निरोप ठेव. पोर बरी आहे म्हणावं, तपासायला नेतोय फक्त. बाकीचं लेलंड त्याला स्वतः सांगेल. समोरासमोर.

लेलंड : सांगेन.

नोरीन : आणि त्यानंतर क्लबमध्ये सांगशील. सगळ्यांना. ज्याला ज्याला चांगलं तेवढं सांगितलंस, त्या प्रत्येकाला.

लेलंड : हो. सांगेन. नोरीन, मी तुला...

नोरीन : किल्ली दे इकडे.

लेलंड : मी चालवतो ना.

नोरीन : किल्ली दे. टेसा, जूनची गाडीतली खुर्ची पुढच्या बाकावर मध्ये बांध. तू खिडकीशी बस, तिचा हात धरता येईल तुला. मी चालवते.

टेसा : आणि मिस्टर ट्वेट?

नोरीन : मागच्या हौद्यात जागा आहे.

टेसा : उघड्यावर? वारा बघा किती सुटलाय. आपण सरकून बसू ना थोडं.

लेलंड : नको, टेसा. तुम्ही नीट बसा. मी मागे बसतो.